शाओलिनची सनद

आठवीत असताना मी सोसायटीच्या हॉलमध्ये भरणाऱ्या 'शाओलिन कुंग-फू'च्या क्लासला जायचो. फी महिना 60 रुपये. हॉलच्या भिंतीवर, गणपतीच्या फोटोशेजारी, सरांनी एक वंशावळ फ्रेम करून लावली होती. सगळ्यात वर डोळे वटारलेला, दाढीवाला बोधिधर्म. त्याच्याखाली रेघेला रेघ जोडत आलेली चिनी नावं, आणि तळाला आमचे सर. एकदा पावसामुळे मुलं कमी आली होती, तेव्हा बसल्या बसल्या मी नावं मोजली. 11 भरली. बोधिधर्म हा सहाव्या शतकातला बौद्ध भिक्षू. म्हणजे दीड हजार वर्षांत 11 पिढ्या. प्रत्येक गुरूनं सव्वाशेच्या पुढे जगून, अगदी शेवटच्या घटकेला शिष्य केला असेल तरच हिशेब लागत होता. मी सरांना विचारलं. ते म्हणाले, "वीस पुश-अप्स मार."

पुश-अप्स मारले, पण हिशेब काही डोक्यातून गेला नाही. पुढे कळलं की हाच हिशेब खुद्द चीनमध्ये लोक शंभर वर्षं मांडताहेत, आणि तिथेही विचारणाऱ्याला फार प्रेमानं वागवलेलं नाही.

गोंधळ 'असली' या शब्दापासून सुरू होतो. "ही असली शाओलिन विद्या आहे" असं कुणी म्हणतो, तेव्हा तो एका दमात चार गोष्टी सांगत असतो. विद्या जुनी आहे. अमुक महापुरुषानं ती काढली. गुरूकडून शिष्याकडे ती अखंड आली. आणि मारामारीत ती चालते. चारही दावे एकाच गाठोड्यात बांधलेले असतात, त्यामुळे एक खरा निघाला की बाकीचे तीन फुकटात खपतात. आणि एक खोटा निघाला की लोक चारही फेकून देतात, तेही तितकंच चुकीचं.

आधी ही परंपरा चालते कशी ते बघू. आपल्याकडे गाण्यात जशी घराणी, तशी तिकडे मुष्टियुद्धाची. 1983 ते 1986 या काळात चीन सरकारनं देशभर पाहणी केली, तेव्हा ज्यांची परंपरा नीट सांगता येते अशा 129 शैली नोंदल्या गेल्या. गुरूला शिफू म्हणतात. नुसता फी भरून शिकणारा विद्यार्थी वेगळा आणि घरातला शिष्य वेगळा. शिष्य व्हायचं तर 'बायशी' नावाचा विधी होतो: गुडघे टेकून नमस्कार, शिफूंना चहा, लेखी विनंतीपत्र, आणि मग घराण्याच्या यादीत नाव. गंडाबंधनाची गोष्ट माहीत असणाऱ्याला यात नवल वाटू नये. शाओलिन या चिनी बौद्ध मठातल्या भिक्षूंचं तर नावच बोलतं. सगळ्यांचं आडनाव 'शि'. ते शाक्यमुनीमधल्या 'शाक्य'चं चिनी रूप. त्यानंतरचं अक्षर 70 अक्षरांच्या एका कवितेतून क्रमानं घेतात: सु, द, शिंग, योंग, यान. म्हणजे नावावरून पिढी कळते. फार हुशारीची व्यवस्था आहे. पण ही व्यवस्था कोण कुणाचा शिष्य एवढंच सांगते. शिष्याला काय येतं ते सांगत नाही, आणि यादीचं वरचं टोक खरं आहे की नाही हेही नाही.

वरच्या टोकाला बसलाय बोधिधर्म. आपल्याकडे दर काही महिन्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा मजकूर सगळ्यांनी वाचला असेल: दक्षिण भारतातला राजपुत्र चीनला गेला, झोपाळू भिक्षूंना व्यायाम शिकवला, त्यातून कुंग-फू जन्मला. बोधिधर्माविषयीचा सगळ्यात जुना उल्लेख 547 सालच्या एका चिनी ग्रंथात आहे, लुओयांग शहरातल्या बौद्ध मठांच्या वर्णनात. तिथे तो भेटतो तो पर्शियाचा म्हणून. वय 150 सांगतो आणि एका मठाचा उंच मनोरा बघून थक्क होतो. त्याच्या परंपरेतला दुसरा एक जुना मजकूर त्याला दक्षिण भारतातला म्हणतो. दोन्हीकडे ध्यान आहे, भक्ती आहे. लाथाबुक्क्यांचं नाव नाही.

मग त्या आल्या कुठून? 'यीजिन जिंग' नावाच्या एका पोथीतून. स्नायू आणि श्वासाच्या व्यायामांची ही पोथी 1624 मध्ये चीनच्या स्वतःच्या ताओ पंथातल्या एका माणसानं लिहिली असं दिसतं. तिला भारदस्तपणा यावा म्हणून जुन्या प्रस्तावना जोडल्या आहेत. पहिलीवर सातव्या शतकातला प्रसिद्ध सेनापती ली जिंग याची सही. तो लिहितो की बोधिधर्मानं मागे ठेवलेली ही विद्या मला कुरळ्या दाढीच्या वीराकडून मिळाली. आता हा कुरळ्या दाढीचा वीर ही तांग घराण्याच्या काळातल्या (सातवं ते दहावं शतक) एका लोकप्रिय कथेतली काल्पनिक व्यक्ती आहे! कादंबरीतल्या नायकानं आपल्या हाताने मला कागदपत्रं दिली, असं कोर्टात सांगण्यासारखं हे झालं. अठराव्या शतकातल्या लिंग तिंगखान या विद्वानानं ही चोरी पकडली आणि पोथी लिहिणाऱ्याची अडाणी खेडवळ मास्तर म्हणून संभावना केली. आणि एवढं करूनही त्या पोथीत बोधिधर्मानं व्यायाम दिले एवढंच आहे. शाओलिनची मुष्टिविद्या त्यानं काढली, ही गोष्ट लोकांत पसरली ती थेट विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, मासिकात क्रमशः आलेल्या एका कादंबरीमुळे आणि 1915 साली निघालेल्या एका पुस्तकामुळे. थोडक्यात, "कुंग-फू भारतानं दिला" हा आपला अभिमान सतराव्या शतकातल्या एका चिनी बनावट कागदावर उभा आहे.

याचा अर्थ शाओलिनचे भिक्षू लढवय्ये नव्हतेच, असा कुणी काढेल. तोही चुकेल. हनान प्रांतातला हा मठ 495 मध्ये बातुओ नावाच्या भारतीय भिक्षूसाठी बांधला गेला (हा खरा भारतीय दुवा, पण त्याचं चित्र फ्रेममध्ये कुणी लावत नाही). मठाच्या आवारात 728 सालचा शिलालेख आहे. 621 मध्ये तांग घराण्याच्या बाजूनं लढाईत उतरलेल्या 13 भिक्षूंची नावं त्याच्यावर आहेत. नावं आहेत, बक्षीस मिळालेल्या जमिनीचा तपशील आहे. ते कसे लढले, कोणती विद्या वापरली, यावर एक शब्द नाही. मठाच्या खऱ्या कीर्तीची साधनं मिंग घराण्याच्या काळातली (चौदावं ते सतरावं शतक) आहेत, आणि ती कीर्ती मुठीची नव्हती, काठीची होती. चेंग झोंगयौ नावाच्या माणसानं मठात दहाहून जास्त वर्षं काठी शिकून सतराव्या शतकाच्या सुरुवातीला तिच्यावर पुस्तक लिहिलं. काठीचा मूळ गुरू म्हणून तो नाव देतो ते किन्नर राजाचं. होय, आपल्याच गंधर्व-किन्नरांपैकी किन्नर, बौद्ध धर्माबरोबर तिकडे पोचलेला. बोधिधर्माचा पत्ता नाही. आणि हातांच्या लढाईबद्दल तो म्हणतो की ती अजून देशात फारशी पसरलेली नाही, भिक्षू तिच्यावर मेहनत घेताहेत.

मला याहून आवडते ती यू दायौ या मिंग सेनापतीची गोष्ट. काठीत तरबेज असलेला हा माणूस 1560 च्या सुमारास मोठ्या उत्सुकतेनं शाओलिनला गेला. भिक्षूंनी काठी फिरवून दाखवली. हा म्हणाला, खरी विद्या तुमच्याकडून हरवली आहे. मठानं तक्रार न करता दोन तरुण भिक्षू त्याच्याबरोबर दक्षिणेला धाडले. तीनेक वर्षं ते त्याच्या छावणीत शिकले, मग परत जाऊन त्यांनी इतरांना शिकवलं. म्हणजे मिंग काळातली 'असली' शाओलिन काठी निदान अंशतः एका बाहेरच्या लष्करी माणसानं शिकवलेली होती. शुद्धता शोधायला निघालेल्या माणसानं इथे थांबून जरा पाणी प्यावं.

ताईचीची कथा आणखी गमतीची, कारण तिच्यात राजकारण आहे. बागेत सकाळी हळूहळू हात फिरवणाऱ्या आजी-आजोबांची ताईची आपल्याला माहीत असते. तिचा जनक म्हणून वुदांग पर्वतावरच्या झांग सानफेंग या ताओपंथी सिद्धाचं नाव घेतात. मुष्टियुद्धाशी त्याचं नाव पहिल्यांदा जोडलं गेलं 1669 मध्ये, हुआंग झोंगशी या विद्वानानं लिहिलेल्या एका मृत्युलेखात. त्यात सानफेंगला स्वप्नात देव येऊन विद्या शिकवतो आणि दुसऱ्या दिवशी तो एकटा शंभरावर दरोडेखोर मारतो. हुआंग हा मंचू राजवटीच्या, म्हणजे उत्तरेकडून येऊन चीन जिंकलेल्यांच्या, विरोधात लढलेला माणूस. शाओलिन म्हणजे परदेशातून आलेल्या बौद्ध धर्माची 'बाहेरची' विद्या, आणि सानफेंगची 'आतली', मातीतली. वाचणाऱ्यानं बाहेरचा म्हणजे मंचू असं समजून घ्यावं, असा त्यातला चिमटा असल्याचं अनेक अभ्यासक मानतात. आणि त्या लेखात ताईचीचं नावही नाही. हा धागा ताईचीला पुढे बऱ्याच काळानं चिकटला.

कागदोपत्री ताईचीचा माग काढला तर पाय हनान प्रांतातल्याच 'वन' नावाच्या परगण्यातल्या चेन्जियागोउ या खेड्यात थांबतात. हा माग काढणारा माणूस तांग हाओ. पेशानं वकील, आणि स्वतः मुष्टियुद्ध शिकलेला. 1930 मध्ये त्यानं शाओलिन आणि वुदांग दोन्ही दंतकथांची चिरफाड करणारं पुस्तक काढलं. त्यावर चिडून काही उस्तादांनी त्याला बदडायचं ठरवलं होतं आणि त्याच्याच एका नामांकित सहकाऱ्यानं मध्यस्थी करून ते टाळलं, असं सांगतात. पुढे तो चेन्जियागोउला गेला, घराण्याची वंशावळ आणि जुन्या वह्या वाचल्या. सतराव्या शतकातल्या चेन वांगतिंगच्या नावावर एक कविता सापडली: कंटाळा आला की मुष्टीचे डाव रचतो, काम आलं की शेत नांगरतो. मग तांग हाओनं चेन घराण्याचे डाव ची जिग्वांग या सेनापतीच्या 32 डावांशी ताडून पाहिले. ची जिग्वांगनं सोळाव्या शतकात शिपायांच्या व्यायामासाठी वेगवेगळ्या शैलींतून निवडून हे डाव चित्रांसह छापले होते. रणांगणात हाताच्या मारामारीचा फारसा उपयोग नाही, हेही त्यानं स्वच्छ लिहून ठेवलं होतं. त्याचा पहिला डाव 'आळसात अंगरखा खोचणे'. दुसरा 'सोनेरी कोंबडा एका पायावर'. मग 'घोड्याची टेहळणी', मग 'चाबूक'. आज पुण्यात किंवा पॅरिसमध्ये ताईची शिकणारा माणूस याच नावांचे डाव करतो. तांग हाओच्या मोजणीत 32 पैकी 29 डाव चेन घराण्यात सापडले.

म्हणजे ढगातून उतरलेला सिद्ध गेला, आणि त्याच्या जागी आला निवृत्त, कंटाळलेला, शेत नांगरणारा माणूस, लष्करी पुस्तकातले डाव आपल्या पद्धतीनं गुंफणारा. मला तरी हा जास्त आवडतो. यावरही वाद आहेतच. शेजारचं झाओबाव गाव वेगळी वंशावळ सांगतं. पण 2020 मध्ये युनेस्कोच्या यादीत ताईची गेली तेव्हा तिच्या वर्णनात उगम म्हणून सतराव्या शतकाचा मध्य आणि वन परगणा असंच आलं. सगळ्यात प्रामाणिक माणूस मात्र एकोणिसाव्या शतकातला ली यीयू. त्याच्या आधीच्या टिपणात सानफेंगचं नाव होतं. 1881 मध्ये त्यानं नवं लिहिलं, की ताईची कुणी सुरू केली ते माहीत नाही.

दक्षिणेकडच्या शैलींची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती एकाच साच्यातली आहे. फुजियान प्रांतात दक्षिण शाओलिन मठ होता, मंचूंनी जाळला, पाच जण वाचले, त्यांनी विद्या पसरवली. ही मुळात तिआनदीहुई या गुप्त संघटनेची, सभासदांना दीक्षा देताना सांगायची कहाणी. आज फुजियानमधली पुतिएन, चुआनझोऊ आणि फूचिंग ही तीन गावं "तो मठ आमच्याकडेच" म्हणतात, आणि पर्यटक तिन्हीकडे जातात. मठ खरोखर जळला तो उत्तरेतला, 1928 साली, शि योसान या लष्करी सरदाराच्या सैन्याकडून. विंग चुनची स्थापना त्या जळत्या मठातून निसटलेल्या ङ मुई या भिक्षुणीनं केली म्हणतात. कागदावर पक्की माणसं सुरू होतात ती फोशानच्या लिआंग जान या एकोणिसाव्या शतकातल्या वैद्यापासून. त्याचा शिष्य चान वा-शुन, आणि त्याचा शिष्य यिप मॅन, जो 1949 मध्ये हाँगकाँगला आला. एवढी साखळी खणखणीत आहे. तिच्यावरचं धुकं आहे.

पण लोक असं का करतात? लबाडी हे अर्धं उत्तर. मुष्टियुद्ध हा पोटाचा धंदा होता. कुणी व्यापाऱ्यांच्या मालाला संरक्षण देणाऱ्या पेढीवर नोकरी करायचा, कुणी हाडं बसवायचा, कुणी रस्त्यावर खेळ करून मुरगळीचं औषध विकायचा. गिऱ्हाईक येतं ते नावावर. दुसरं अर्धं उत्तर थोडं नाजूक आहे. "हे मी शोधून काढलं" म्हणणं चिनी रिवाजात उद्धटपणाचं. आपली नवी कल्पना जुन्या ऋषीच्या नावावर घालणं ही नम्रता. आपल्या पुराणांत व्यासांच्या नावावर किती हातांनी लिहिलंय ते आठवलं तर हे कळायला जड जाऊ नये.

आता शेवटचा दावा, मारामारीत चालते हा. तो तपासायला वंशावळ लागत नाही, समोर न ऐकणारा माणूस लागतो. नानजिंगच्या मध्यवर्ती राष्ट्रीय युद्धकला संस्थेनं ऑक्टोबर 1928 मध्ये देशभरचे मल्ल बोलावून खुल्या लढती घेतल्या. संरक्षक साधनं जवळजवळ नव्हती. इतके लोक जखमी झाले की शेवटच्या फेऱ्या थांबवाव्या लागल्या. त्याच संस्थेत सुरुवातीला शाओलिन आणि वुदांग असे दोन विभाग केले होते. दोघांची इतकी भांडणं जुंपली की काही महिन्यांतच ते मोडावे लागले. 17 जानेवारी 1954 ला मकावमध्ये ताईचीचे वू गोंगयी आणि पांढऱ्या बगळ्याच्या शैलीचे चेन केफू यांची मदतनिधीसाठी लढत झाली. तिची फिल्म आहे, जरूर बघा. पन्नाशी ओलांडलेले वू आणि त्यांच्याहून बरेच तरुण चेन, दोघंही शाळेच्या मैदानावरच्या पोरांसारखे हात फिरवतात. चेनच्या नाकातून रक्त येतं, दुसऱ्या फेरीत पंच लढत थांबवतात, निकाल: कुणी जिंकलं नाही, कुणी हरलं नाही. तीन दिवसांनी हाँगकाँगच्या एका वृत्तपत्रानं हवेत उडणाऱ्या वीरांची नवी कादंबरी सुरू केली आणि ती तुफान चालली. फिल्ममध्ये जे दिसलं नाही ते लोकांनी छापील पानावर वाचलं.

एप्रिल 2017 मध्ये छंगदूत शू शियाओदोंग या मिश्र युद्धकलेच्या प्रशिक्षकानं वेई लेई या ताईची गुरूला जेमतेम वीस सेकंदांत खाली पाडलं. सरकारी टीव्हीवर या गुरूच्या तळव्यावरून कबूतर उडू शकत नसल्याचं दाखवलं गेलं होतं. ताईचीच्या यांग घराण्यातली ही जुनी दंतकथा, तिथे चिमणी असते. मे 2020 मध्ये 69 वर्षांचे मा बाओगुओ एका पन्नाशीच्या हौशी खेळाडूकडून अर्ध्या मिनिटात तीनदा पडले आणि चीनभर चेष्टेचा विषय झाले. मला त्या चित्रफितीत हसू येत नाही. म्हातारा माणूस आपटतो, त्यातून ताईचीबद्दल काही सिद्ध होत नाही. त्याच्या आसपासच्यांनी वर्षानुवर्षं खोटं खोटं पडून त्याला काय शिकवलं, ते मात्र दिसतं. शिष्य गुरूला खरा प्रतिकार करत नाहीत, गुरूला वाटतं जोर आपल्यात आहे, आणि पुढची पिढी तेच शिकते. यात जाणूनबुजून फसवणारा कुणी असावाच लागत नाही. शूचं काय झालं म्हणाल, तर एका नामवंत गुरूला ठग म्हटल्याबद्दल 2019 मध्ये न्यायालयानं त्याला जाहीर माफी मागायला लावली.

उलट सांदा बघा. मुष्टी, लाथ आणि पाडाव यांचा हा खेळ 1979 नंतर सरकारी क्रीडाखात्यानं बांधला. ना पर्वत, ना सिद्ध, ना जळता मठ. लहानपणी कुंग-फू आणि पुढे सांदा शिकलेल्या झांग वेईलीनं 31 ऑगस्ट 2019 ला शेनझेनमध्ये 42 सेकंदांत यूएफसी या मिश्र युद्धकलेच्या स्पर्धेचा जागतिक किताब घेतला. चारांतले पहिले तीन दावे सांदा करतच नाही, आणि चौथा रोज तपासून घेते.

मूल क्लासला घालणारे आईबाप मला कधी कधी विचारतात. मी सांगतो, भिंतीवरची फ्रेम सोडा, सरांना विचारा की तुम्ही स्वतः कुणाकडे आणि किती वर्षं शिकलात. ते नाव जिवंत किंवा नुकत्याच गेलेल्या माणसाचं असावं. मग मागे बसून बघा, की मोठी मुलं एकमेकांशी खरोखर झटापट करतात का, आणि सरांचा डाव कधी फसतो का. कधीच फसत नसेल तर पोराला पोहायला घाला. आणि 'अस्सल शाओलिन'च्या वर्गात पांढरा-पिवळा-हिरवा पट्टा मिळत असेल तर तो पट्टा जपानचा. काळा पट्टा ज्युदोनं आणला, मधले रंग युरोपातल्या ज्युदो क्लबांनी वाढवले. जुन्या चिनी घराण्यांत असं काही नव्हतं.

आमच्या हॉलमध्येही पट्टे होते. मी हिरव्यापर्यंत पोचलो. पहिले तीन महिने सरांनी आम्हाला फक्त पडायला शिकवलं होतं: हनुवटी छातीला, पाठ गोल, आणि जमिनीला टेकायच्या क्षणी तळव्यापासून कोपरापर्यंतचा हात सपाट आपटायचा. फरशीवर ते इतक्यांदा करायला लावलं की घरी जेवताना हात थरथरायचा. मागच्या जुलैत स्टेशनच्या ओल्या जिन्यावरून पाय सटकला, आणि काही कळायच्या आत हात आपोआप आपटला. कोपर खरचटलं, डोकं वाचलं. उठून पँट झटकताना सर आठवले. असं पडायला शाओलिनमध्ये शिकवतात का, मला माहीत नाही. ज्युदोत शिकवतात.